दुसरी ओळ

मुद्रितशोधकाला छापखान्यात सगळे 'कात्री' म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमानच होता. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली दिसली की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. घरीही तीच तऱ्हा. सकाळी बायको सांगायला आली, "अहो, ऐका ना, आज मी..." तर पानांतून मान वर न करता तो म्हणाला, "कळलं, कळलं!"

पुढ्यात घरी तपासायला आणलेलं प्राचीन हिब्रू विलापगीतांचं भाषांतर होतं. 'माझी हाक दारापर्यंत गेली. माझा आक्रोश उंबरठ्यावर विरला.'

"हाक काय नि आक्रोश काय, एकच की!" म्हणत त्याने दुसरी ओळ उडवली. पुढच्या गीतातही तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. दुपारपर्यंत पुस्तक निम्मं झालं. ही आनंदाची बातमी त्याने भाषांतरकार बाईंना फोनवर दिली.

"अहो, त्या कवितेची रीतच आहे ती!" बाई कडाडल्या. "पहिली ओळ हाक मारते, दुसरी ओ देते, जरा जास्तच जोरात. तुम्ही सगळ्या हाका लोंबकळत ठेवल्यात! पाचच्या आत ओळी जागेवर आणा, नाहीतर मालकांशी तुम्हीच बोला."

मालकांनी गेल्याच महिन्यात बजावलं होतं, यापुढे कात्री चालली तर ती नोकरीवर चालेल. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, जरा चहा टाक!"

उत्तर नाही.

"अगं, ऐकतेस का?"

घर चिडीचूप. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर जिन्यात चिटपाखरूही नाही. स्वयंपाकघरातला नळ एकदा ठिबकला आणि पुढचा थेंब काही पडेना. तो वाट बघत बसला, मग घाबरून कामाला लागला. मूळ प्रत शेजारी ठेवून एकेक ओळ परत लिहू लागला. पावणेपाचला शेवटची ओळ बसली, तसा नळ ठिबकला. पानं छापखान्यात पाठवून त्याने घाम पुसला.

"अगं, ऐकतेस का?"

"ऐकतेय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

त्याच्या जिवात जीव आला. तेवढ्यात फोन वाजला. बायको होती.

"अहो, सकाळीच ताईकडे आलेय मी. सांगत होते, तर तुम्ही बोलू द्याल तेव्हा ना!"

लग्नानंतर पहिल्यांदाच तिने दुसरं वाक्य बोलावं असं त्याला वाटलं. "बोल ना! अजून बोल!"

"एवढंच," म्हणून तिने फोन ठेवला.

"केव्हाची ऐकतेय," आतून आवाज आला, जरा जास्तच जोरात.