निळ्या रंगानें मुके जाहलेल्या तीन काट्यांची हकीकत

श्री. जो उंदरावर बसोन तिन्ही लोक हिंडतो आणि कधीं वाटेंत बंद पडत नाहीं, त्यास आधीं नमन असो. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, आश्विन मास, ते समयीं डोंगरपट्टीचे एका राज्यांत श्रीमंत महिपतराव निकम राज्य करीत होते. राज्य म्हणावें तर चार खोल्या, दोन म्हशी, उताराचें थोडें वावर आणि एक जीप. परंतु जीप सामान्य नव्हे. पूर्वीं ती आरोग्यखात्याचे चाकरींत होती, आणि महिपतरावांच्या थोरल्या भगिनी चंद्राक्का त्याच खात्यांत नर्सबाई असतां तिच्यांत बसोन वाड्यावस्त्या पालथ्या घालीत, आणि पट्टींतल्या निम्म्या लेकरांची नाळ त्यांनींच कापिली. मग जीप म्हातारी जाहली, खात्यानें लिलावांत काढिली, तेव्हां आक्कांची गाडी भंगारांत जावी हें महिपतरावांस बघवेना, आणि त्यांनीं ती घरीं आणिली. पुढें आक्काही थकल्या, मूत्रपिंडांनीं काम सोडिलें, आणि दर सोमवारीं व गुरुवारीं घाट ओलांडोन तालुक्याचे दवाखान्यांत यंत्रावर रक्त धुवोन घेणें प्राप्त जाहलें. एस.टी.त चढणें त्यांस झेपेना. मग त्याच जीपनें त्यांस नेण्याआणण्याचें पत्करिलें आणि महिपतराव सारथी जाहले.

आतां जीपचे डॅशबोर्डावर चार काटे पहाऱ्यास असत. एक वेगाचा, एक डिझेलचा, एक तेलाच्या दाबाचा आणि एक इंजिनाच्या गरमीचा. चौघेही जुने आणि इमानी. डिझेलचा तेवढा जरा थापाड्या, टाकी निम्मी असतां पाऊण सांगे, पण त्याची खोड घरांत सर्वांस ठाऊक, त्यामुळें कोणी फसत नसे. महिपतरावांचा खरा जीव गरमीच्या काट्यावर. मागील उन्हाळ्यांत ऐन घाटांत पाणी उकळूं लागलें तेव्हां त्यानेंच वेळेवर वर्दी दिली, आणि गाडी सावलीस उभी करोन, बॉनेट उघडोन, निवूं देवोन, मग पाणी घालोन पुढें जातां आलें, आणि आक्कांची पाळी चुकली नाहीं. त्या दिवसापासोन घाट चढतांना महिपतरावांचा एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर असे.

खंडेनवमी आली. हत्यारेंअवजारें पुजावयाचा दिवस, तेव्हां महिपतरावांनीं जीपेस न्हाऊं घातलें, चाकें घासिलीं, आणि तरीही मन भरेना. वर्षभर हिनें आक्कांस सांभाळून नेलें आणि सांभाळून आणिलें, हिला सणाचें नवें लुगडें नको काय, ऐसें मनांत आणोन ऑइलपेंटचा डबा आणिला, डॅशबोर्ड खोलिला, काटे काढोन सुपांत ठेविले, आणि पत्र्यास आंतबाहेर निळा रंग दिधला, सांदीकोपरा म्हणोन सोडिला नाहीं. रंग उन्हांत वाळला, मग सर्व जागचे जागीं बसविलें. दुसरे दिवशीं, बुधवारीं, दसरा. हळदकुंकू जाहलें, झेंडूचा हार चढला, नारळ फुटला, आणि सोनें द्यावयास स्वारी वेशीपर्यंत निघाली, तों पाहातात काय, डिझेलचा काटा निजलेला, तेलाचा निजलेला, गरमीचा निजलेला. डॅशबोर्डावरचा इवलासा दिवाही गेलेला. एक वेगाचा काटा तेवढा आपला मजेंत डोलत होता. महिपतरावांनीं स्वारी तेथूनच माघारी फिरविली.

मग इलाज आरंभिले. आधीं काचेवर टिचकी मारिली. मग फ्यूज काढोन उजेडांत धरिला, तो धडधाकट. मग बॅटरीचीं तोंडें सोडा आणि गरम पाणी घालोन घासिलीं, तीं चकचकीत जाहलीं, काटे मात्र ढिम्म. शेवटीं दस्तगीर मिस्त्रीस निरोप धाडिला. सणाचे दिवशीं मिस्त्रीचें दुकान बंद, पान्हे पाटावर मांडोन पुजलेले, पण हा दस्तगीर आक्कांच्याच हातीं जन्मला होता, त्यानें पान्ह्यांस हात जोडिले, वरचीं फुलें बाजूस केलीं आणि कुंकवासकट पान्हे पिशवींत घालोन आला. आणि त्यानें गरमी मोजणाऱ्या सेन्सराची तार सोडोन इंजिनाचे लोखंडास टेकविली, कां कीं ऐसें केलें असतां काटा उसळोन टोकास जावा. काटा हलला नाहीं. मिस्त्रीनें डोकें खाजविलें, तरीही नवा सेन्सर बसविला, टाकीची तार तपासिली, तेलाची तपासिली, आणि दुपार कलली तरी दरबारांत कोणी तोंड उघडीना. "काटे काढताना तारा तुटल्या असतील," म्हणोन त्यानें तारा एकेक ओढोन पाहिल्या. त्याही शाबूत.

आणि उद्यां गुरुवार. काटा मुका असतां आक्कांस घेवोन घाट चढणें महिपतरावांचे छातींत बसेना, आणि न चढणें तर त्याहून बसेना. ओटीवर चंद्राक्का शाल पांघरोन हें सारें पाहात होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "महिपा, एक गुरुवार चुकला तर काय बिघडतंय? आणि खरं सांगू का, मला पुरे झालंय आता. तुझं वावर पडून राहतंय माझ्यापायी. सोमवारचंही नंतर बघू."

श्रीमंतांचे हातांत तेव्हां पक्कड होती. ती त्यांनीं खालीं ठेविली आणि म्हणाले, "आक्का, असं बोलायचं नाही. तू फक्त बस. गाडीचं मी बघतो." परंतु काय बघावें हें त्यांस कळत नव्हतें, आणि आक्कांस तें दिसत होतें. बोलून चुकल्यासारखें त्यांस वाटलें. मग भावाचें तोंड बघवेना म्हणोन, कीं जुनी संवय उसळली म्हणोन, त्या खांबास धरोन उठल्या आणि जीपेपाशीं आल्या.

"दस्तू, आजारी कोण कोण ते कळलं. आजारी कोण नाही ते सांग."

"वेगाचा चालतोय की, आक्का."

"तो कसा वाचला?"

"त्याचं येगळं असतंय. त्याला वीज लागत न्हाई. गिअरातनं केबल येती, ती फिरवती त्याला."

"आणि हे तिघं? आणि दिवा?"

"ते समदे विजेवर."

"मग एकेकाला औषध काय पाजत बसलाय?" आक्का म्हणाल्या, आणि आवाजांत नर्सबाईंचा जुना दरारा आला. "वस्तीवर घरोघर एकदम जुलाब लागले की मी माणसं मागनं तपासायची, आधी विहीर बघायची. ज्याचं पाणी वेगळं ते घर ठणठणीत असायचं. या सगळ्यांची विहीर कुठली ते शोधा. परवापर्यंत बरे होते ना हे? मग मधे काय केलंत ते सांगा मला."

दस्तगीर मिस्त्रीनें एक लांब तार घेवोन तिचें एक टोक बॅटरीचे मायनसास लाविलें, आणि दुसरें काट्यांचे पाठीमागील पत्र्यास टेकविलें. तत्क्षणीं तिघेही काटे सरकार आल्यासारखे उठोन उभे राहिले आणि दिवाही लागला. कारण ऐसें कीं, वीज काट्यापर्यंत येते आणि काम करोन गाडीच्या पत्र्यांतून परत जाते, त्या वाटेस मिस्त्री लोक अर्थिंग म्हणतात, आणि तिघांची व दिव्याची मिळोन ती वाट एकाच स्क्रूखालीं होती. स्क्रू काढिला तों खालीं जाड, देखणा, निळा ऑइलपेंट. रंगांतून वीज कशी जावी? वाट लिंपली गेली होती. महिपतरावांनीं आपला ब्रश ओळखिला आणि मान खालीं घातली.

"मीच बुजवलं की हे. हौसेनं," ते म्हणाले.

आक्का हंसल्या. पुष्कळ दिवसांत त्या ऐशा हंसल्या नव्हत्या. "मायेनंच केलंस रे. पण बाळाला तेल लावताना नाकातोंडात ओतत्यात होय?"

मग महिपतरावांनीं पॉलिशपेपर घेवोन स्क्रूखालची टिकलीएवढी जागा घासिली, लोखंड पांढरें दिसेतों घासिली, आणि मिस्त्रीनें तार आवळिली, आणि किल्ली फिरवितां तिघे काटे आपआपले कामावर रुजू जाहले. डिझेलच्यानें लगेच पाऊण टाकी असल्याची थाप मारिली, आणि त्या थापेचा एवढा आनंद महिपतरावांस पूर्वीं कधीं जाहला नव्हता. दस्तगीरास पुरणपोळी वाढिली आणि आपट्याचीं पानें दिधलीं. तो आक्कांचे पायां पडोन घरीं गेला.

गुरुवारीं स्वारी घाटास लागली. गरमीचा काटा हळूहळू वर आला आणि मधोमध येवोन थांबला, जसा थांबावा तसा, आणि महिपतराव एक डोळा रस्त्यावर व एक काट्यावर ठेवोन चालले. माथ्यावर आल्यावर आक्कांनीं निळ्या डॅशबोर्डावरोन हात फिरविला आणि म्हणाल्या, "सोमवारी जरा लवकर निघू. उन्हाच्या आधी घाट चढवू, हिला त्रास नको."

महिपतराव हूं म्हणाले आणि डोळे भरोन आले, ऐसे कीं रस्ता दिसे पण काटा दिसेना. मग घाट उतरेतों काट्यावर नजर आक्कांनींच ठेविली.

एवंच काटे बोलते जाहले, सोमवार ठरला, रंगाचा डबा माळ्यावर गेला. जीपेचे आणि थोरल्या बहिणीचे उपकार फिटत नसतात, ते मिरवावे, इतकें लिहोन लेखणी ठेविली.