अर्धा पासवर्ड

आमच्या शेजारचे बिराजदार मास्तर लॅपटॉप सुरू करण्याआधी मला फोन करून ‘लाईन क्लिअर’ मागतात. रोज सकाळी, बरोबर सव्वादहाला. त्यांच्या आणि माझ्या घरात एक भिंत आहे. हाक मारली तरी ऐकू येईल. पण हाकेवर त्यांचा विश्वास नाही.

“हाक कुनीबी मारंल, बाई. फोनची नोंद ऱ्हाती.”

मुलांनो, त्या रविवारी पहाटे लंडनला तुमच्या आईच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, फोनवर जे मिशाळ आजोबा अवतरले आणि ज्यांनी तुम्हाला माझं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पलंगाखालची जागासुद्धा दाखवली, ते हेच. ‘पण ते होते कोण?’ असं तुम्ही मला तीनदा विचारलंत. एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हे लिहायला बसले.

गुरुसिद्धप्पा बिराजदार मूळचे वळसंगचे. होटगीच्या अलीकडे-पलीकडे लहान लहान स्टेशनांवर त्यांनी स्टेशनमास्तर म्हणून हयात काढली. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण निवृत्त झाले ते फक्त मास्तर. त्यांचे नियम अजून नोकरीत आहेत. जिन्याच्या वळणावर ते थांबतात, “वर कोन येतंय का?” असं विचारतात आणि उत्तर आल्यावरच उतरतात. उत्तर आलं नाही, तरी आणखी एकदा विचारून मगच उतरतात. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. रागवायचं कन्नडमध्ये, नियम सांगायचे मराठीत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी इरम्मा गेल्या आणि रागवायला कुणी उरलं नाही, तेव्हापासून सगळे नियमच ऐकू येतात.

मुलगा मेलबर्नला. नात सान्वी सात वर्षांची. दर रविवारी साडेदहाला ती अज्जाशी बोलते. मोबाईलवर ती त्यांना “बोराएवढी दिसती”, म्हणून मुलाने लॅपटॉप पाठवला. त्यातच एक बातमी आली: सान्वी मराठी वाचायला शिकते आहे. मास्तरांनी ताबडतोब एक पानभर गोष्ट ठळक अक्षरात लिहून पोस्टाने पाठवली. सांगोल्याच्या एका शेळीने अख्खी मालगाडी कशी थांबवली, त्याची. ज्या दिवशी ते पान तिला न अडखळता वाचता येईल, त्या रविवारी ती अज्जाला वाचून दाखवणार होती. लॅपटॉपचा सगळा खटाटोप त्या एका पानासाठी होता. “मंजी त्या दिवशी मशीन फेल जाता कामा नये,” हे त्यांचं पालुपद.

खोकं उघडायला मला बोलावलं. तुम्हीच मला माझा लॅपटॉप शिकवला असल्यामुळे इमारतीत मी तज्ज्ञ समजली जाते. मास्तरांनी आधी खोक्याभोवती बॅटरी घेऊन एक फेरी मारली, चारही कोपरे तपासले, मग विभूतीची वाटी आणली. झाकणावर तीन बोटं ओढली, तिथवर ठीक होतं. पडद्याकडे हात वळला तेव्हा मी अडवलं.

“मास्तर, पडद्याला नको. पुसताना चरे पडतील.”

“मग मशीनचं कपाळ कुटलं?”

“झाकण.”

“बरं. पुढं चला.”

पुढे आला पासवर्ड. मी त्यांना नीट समजावलं: लांब असावा, स्वतःचं नाव नसावं, जन्मतारीख नसावी, कुणाला सांगू नये, कागदावर लिहून पडद्याला चिकटवू नये. मास्तर मान डोलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, “सगळं बराबर. पन किल्ली एका मानसाकडं कशी?”

“म्हणजे?”

“एक मानूस म्हंजे चूक व्हनारच. झोप लागंल, इसरंल, रागाच्या भरात कायबी करंल. गाडी सोडायची तर पलीकडच्या स्टेशनानं बी हां म्हनायला लागतंय. अर्धा पासवर्ड माझा, अर्धा तुमचा.”

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी आपला अर्धा भाग एका बोटाने टाइप केला, तोवर मला गॅलरीत उभं केलं. मग स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, “आता तुमचा. माझं कानबी झाकलेत.” पस्तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलेली बाई ऐन वेळी काय टाइप करणार? मी ‘semicolon’ टाइप केलं. आता तो बदललेला आहे, म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला फोन. “बाई, लाईन क्लिअर हाय का?”

“कसली लाईन?”

“लॅपटॉप उगडायचाय. तुमचा नंबर द्या.”

रेल्वेत म्हणे दोन स्टेशनं, किंवा स्टेशन आणि फाटक, एकमेकांना फोनवर छापील तक्त्यातला एक दोन आकडी खाजगी नंबर सांगतात. पलीकडून नंबर आला की समजायचं, फाटक बंद आहे, माणूस जागेवर आहे, गाडी येऊ दे. मास्तरांनी माझ्या अर्ध्या पासवर्डला त्याच पंक्तीला बसवलं. एकेक अक्षर मी सांगायचं, त्यांनी ते परत म्हणायचं. “एस सोलापूरचा. ई इंजिनचा. एम मालगाडीचा. आय इंडीचा...” असं करत ‘एन नळदुर्गचा’ आला की “मिळाला” म्हणून फोन बंद.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, “मास्तर, कालचाच आहे.”

“काल कालची गाडी गेली. आजच्या गाडीला आजचा नंबर.”

“पासवर्ड फोनवर सांगत नसतात, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं.”

“परक्याला न्हाय सांगायचा. तुमी पलीकडचं स्टेशन हाय.”

तेव्हापासून सव्वादहाला मी हातातलं काम ठेवून फोनपाशी बसते. वक्तशीर माणसाची चेष्टा करणं मला कधी जमलं नाही. मी स्वतः त्याच रोगाची.

बाकी सुरक्षेच्या बाबतीत त्यांच्याकडून चार गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कॅमेरा झाकायला त्यांनी इरम्मांच्या पाकिटातली एक मोठी टिकली लावली. रविवारी ती अलगद काढून आरशाच्या कडेला चिकटवतात, बोलणं झालं की परत कॅमेऱ्यावर. एकदा लॅपटॉप स्वतःला अद्ययावत करत होता आणि ‘बंद करू नका’ असं पडद्यावर आलं. मास्तरांनी झाकणावर लाल फडकं टाकलं आणि पाऊण तास समोर खुर्ची टाकून बसले. भांडीवाली केर काढायला आली तर तिला दारातच रोखलं: “लाईनीवर काम चाललंय. पलीकडनं जा.”

आणि एकदा त्यांना तो फोन आला, जो आमच्या वयाच्या सगळ्यांना येतो. ‘तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरलाय, आम्ही सांगू ती बटणं दाबा.’ मी त्या वेळी तिथेच होते. मास्तरांनी शांतपणे चष्मा लावला.

“कोन्त्या स्टेशनावरनं बोलताय?”

तो म्हणाला, कंपनीकडून.

“ते ऱ्हाऊ द्या. तुमचा नंबर द्या.”

त्याने दहा आकडी मोबाईल नंबर दिला.

“हा न्हाय. आजचा.”

त्याने वैतागून कुठलासा तक्रार क्रमांक सांगितला. मास्तरांनी तो लिहून घेतला, परत म्हणून दाखवला आणि सांगितलं, “हा बी बसत न्हाय. तुमी सिग्नलाच्या भायेर थांबा, मी इचारून सांगतो.” पंचवीस मिनिटं त्यांनी त्या माणसाला थांबवून ठेवलं. मधूनमधून “हाय का अजून?” असं विचारत होते. शेवटी त्यानेच फोन आपटला. मास्तर हळहळले. “नवीन भरती दिसती. शिस्त न्हाय.”

आता तो रविवार.

शनिवारी संध्याकाळी मेलबर्नहून निरोप आला: सान्वीचं पान तयार आहे, उद्या वाचणार. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा काढून ठेवला. मला म्हणाले, “उद्या नंबर जरा टायमात द्या बाई. शेळीची गाडी हाय.” मी म्हटलं, “मी कधी उशीर केलाय?”

खरंच कधी केला नव्हता. पण रविवारी नऊला माझी एक जुनी विद्यार्थिनी गाडी घेऊन दारात आली. तिचं नवं घर बघायला चला, नाष्टा करून तासाभरात सोडते, असा तिचा हट्ट. मी साडी बदलली, दार ओढून घेतलं आणि निघाले. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला राहिला. तिच्याकडे उप्पीट झालं, मग गच्ची झाली, मग अल्बम निघाला. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा बघितले आणि मी हातातला कप तसाच ठेवून उठले. आज शेळीची गाडी होती आणि नंबर माझ्याकडे होता.

पावणेअकराला धापा टाकत जिना चढले तर माझं दार जिन्यातल्या भिंतीला टेकून उभं होतं. नुसतं दार. बिजागऱ्यांसकट. आत खालच्या मजल्यावरचे श्रीनिवास हातात पहार घेऊन उभे, त्यांची बायको कपाळाला हात लावून तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती, आणि मास्तर इस्त्रीच्या सदऱ्यात, दोन्ही तळहातांवर उघडा लॅपटॉप पूजेच्या ताटासारखा धरून, घरभर फिरत होते.

“हे मागलं दार, ताई. कडी आतनं हाय. हे कपाट. हितं बी न्हाईत.”

ताई म्हणजे तुमची आई. तिच्यामागे तुम्ही दोघं पांघरुणं लपेटून बसलेले. लॅपटॉप बसवला त्या दिवशी मीच त्यांच्या यादीत तुमच्या आईचं नाव घालून ठेवलं होतं. मुलाच्या एकट्या नावाची यादी फार रिकामी दिसत होती म्हणून.

मास्तर वळले. मी उंबऱ्यात. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि चौकशी नाही, आरडाओरडा नाही, एवढंच म्हणाले, “बाई. तुमचा नंबर.”

मी इतकी गोंधळले होते की तिथेच सुरू केलं, “एस सोलापूरचा, ई इंजिनचा...” श्रीनिवास पहार खाली ठेवून ऐकत राहिले. ‘एन नळदुर्गचा’ झाल्यावर मास्तरांनी मान हलवली. “मिळाला,” म्हणाले आणि पडद्याकडे बघून, “ताई, पोचल्या.” मग मात्र ते माझ्या सोफ्यावर बसले.

श्रीनिवास दार बसवू लागले तसा मला राग आला. माणूस घराबाहेर जाऊ शकतो, एवढी साधी गोष्ट! म्हटलं, “दार तोडायच्या आधी वाट तर बघायची!”

“सात येळा फोन केला. भिंतीतनं घंटी ऐकू येत व्हती. उचलत न्हाय कोन.”

“आणि माझ्या अर्ध्याशिवाय लॅपटॉप उघडला कसा?”

“चार म्हैने रोज सांगताय की. म्हातारा हाय बाई मी, बहिरा न्हाय.”

“मग रोज विचारता कशाला?”

मास्तर लॅपटॉप मिटून त्याच्या झाकणाशीच बोलल्यासारखं बोलले.

“नवीन व्हतो. फाटकावर मलकारी म्हनून गेटमन. दुपारच्या गाडीला नंबर मागितला, तर उचलंना. झोपला आसंल म्हनून शिव्या दिल्या. नियमानं गाडी थांबवली, ड्रायव्हरला कागद दिला, हळूहळू पुढं पाठवली. गाडीचं समदं बराबर केलं. मलकारी कुटं हाय बघायला मानूस धाडला, तो तासाभरानं. उनात पडला व्हता, फाटकापाशी. चौकशीत माझी चूक न्हाय निगाली.”

श्रीनिवासांचा हातोडा थांबला होता.

“तवापास्नं नंबर आला न्हाय की मी गाडीकडं बघत न्हाय, बाई.”

तेव्हा मला गाडी आठवली. “मास्तर, सान्वी!”

साडेदहाला तीन वेळा तिचा कॉल येऊन गेला होता. आम्ही त्यांच्या घरी जाऊन परत लावला. सान्वी वाट बघून मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती, पुढच्या रविवारी वाचेल, असं मुलगा म्हणाला. मास्तर “बरं बरं” म्हणाले, टिकली परत कॅमेऱ्यावर लावली आणि रजिस्टर उघडलं. तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. तारीख, नंबर मिळाल्याची वेळ, लॅपटॉप उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, शेरा. नंबराचा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला: १०.१५, १०.१५, १०.१६. उघडल्याचा रकाना जवळजवळ कोरा. आठवड्यातून एकदाच, रविवारी भरलेला. बाकी सगळे दिवस मास्तरांनी माझ्याकडून नंबर घेतला होता आणि लॅपटॉपला हातही लावला नव्हता.

त्या रविवारच्या ओळीत त्यांनी नंबराची जागा मोकळी सोडली होती. मी पेन मागून घेतलं, तिथे १०.४७ लिहिलं आणि खाली सही केली. उशीर माझा होता.

पुढच्या रविवारी सान्वीने पान वाचलं. मालगाडीपाशी एकदा अडखळली. मास्तर म्हणाले, “तितं समदेच थांबत्यात,” आणि सदऱ्याच्या बाहीने चष्मा पुसत राहिले.

पण मला सांगायचं आहे ते त्या आधीच्या सोमवारचं. सव्वादहाला फोन वाजला. मी सोलापूरपासून नळदुर्गपर्यंत सगळं सांगितलं. “मिळाला,” मास्तर म्हणाले आणि ठेवू लागले.

“थांबा, मास्तर,” मी म्हटलं. “आता तुमचा द्या.”

नेहमीसारखं भिंतीतून खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. कपाट उघडलं, कागद उलटसुलट झाले. बऱ्याच वेळाने ते फोनवर आले.

“लिवून घ्या, बाई. अठ्ठावीस.”

मी आदल्या दिवशीच एक नवी वही आणून, रकाने आखून ठेवली होती. लिहून घेतलं. परत म्हणून दाखवलं.