डोळा मारणारी गाय

"अख्ख्या पालघर जिल्ह्यात गाय काढावी तर ती मीच!" असं गोपीनाथ चुरी छातीवर हात ठेवून सांगायचे. आणि ते खोटं होतं असंही नाही. ज्यांच्या दारात गाय होती त्यांना तिचं चित्र काढायला वेळ नव्हता, आणि ज्यांना वेळ होता त्यांना आंब्याची, देवाची, नाहीतर स्वतःच्या मुलांची चित्रं काढायची होती. मैदान मोकळं होतं. गोपीनाथराव त्यात एकटेच धावत होते आणि दरवर्षी पहिले येत होते!

हे गृहस्थ राहायला डहाणूला आणि नोकरीला तलासरीला, धेनुमंगल दूध संस्थेच्या शाखेत कारकून. त्यांचं घर एकदा बघण्यासारखं होतं. चहाच्या कपावर गाय. उशीच्या अभ्र्यावर गाय. फ्रिजच्या दारावर चुंबकाने चिकटवलेल्या सतरा गायी. तुपाच्या डब्यावरची, चॉकलेटच्या कागदावरची, दुधाच्या पिशवीवरची, झालंच तर कार्टूनमधली नाचणारी, अशी एकही गाय त्यांच्या कात्रीतून सुटली नव्हती. शिवाय स्वतःच्या हातची कला वेगळीच! गॉगल लावून डहाणूच्या किनाऱ्यावर चिकू खाणारी गाय, स्कूटर चालवणारी गाय, छत्री घेतलेली गाय. त्यांची बायको लतिका शाळेत शिक्षिका होती. तिने एकदाच तोंड उघडलं होतं.

"अहो, एवढी हौस आहे तर एक खरी गाय का नाही पाळत?"

"खरी?" गोपीनाथराव दोन पावलं मागेच सरकले. "खरीला वास येतो. माश्या बसतात. आणि ती हसते कुठे?"

खरं कारण ते सांगत नसत. गाईच्या या परमभक्ताला गाईची भीती वाटायची! स्टेशनरोडवर एक म्हातारी गाय रोज सकाळी रवंथ करत बसलेली असे. ती चुकवायला हा माणूस मागच्या गल्लीतून वळसा घालून बस गाठायचा. एवढं प्रेम, आणि तेही दहा हातांवरून!

२०१७ साली संस्थेने तलासरीच्या शाखेची समोरची भिंत रंगवून घ्यायचं ठरवलं. पेंटर बोलवायची तयारी झाली, तेव्हा गोपीनाथराव खुर्चीतून उठलेच.

"मी असताना पेंटर? माझा अपमान करताय का?"

आठ दिवस खपून त्यांनी गाय उभी केली. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. पापण्या केरसुणीसारख्या लांब. गळ्यात टपोऱ्या फुलांची माळ, जीभ खोडकरपणे बाहेर काढलेली, पायांत लाल बूट, आणि डावा डोळा मिटून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळा मारत होती. डहाणूच्या मुख्य ऑफिसातल्या नीलम मॅडमनी फोटो पाहून फोनवर कौतुकही केलं.

"चुरी, छान आहे हो! आपल्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा विचार चाललाय. हिचंच नाव सुचवते मी."

झालं! त्या दिवसापासून गोपीनाथराव जमिनीवरून चालेनासे झाले. मुखपृष्ठ! गावोगावी वाटली जाणारी पुस्तिका, आणि तिच्या तोंडावर आपली गाय! तेवढ्यात, नको त्या वेळी, एक काम अंगावर आलं.

संस्थेने झरी गावातल्या बारा बायकांना गुजरातेतून आणलेल्या गीर गाई दिल्या होत्या. नियम असा, की कर्मचाऱ्याने घरी जाऊन प्रत्येकीचा गायीसोबत फोटो काढायचा. बाई आणि गाय एका चौकटीत, गायीचा चेहरा स्पष्ट. म्हणजे बारा घरं, बारा गोठे आणि बारा जिवंत, शिंगवाल्या गाई! गोपीनाथरावांनी तो कागद खणात तळाशी सारला. मग त्यांना युक्ती सुचली. अशा माणसांना युक्त्या फार चटकन सुचतात. त्यांनी झरीला निरोप धाडला, "फोटोसाठी सगळ्यांनी ऑफिसात यावे. गाय आणण्याची गरज नाही."

बाराही जणी आल्या. पुढे शुक्री होती. बोलायला धीट, आणि तिच्या गोठ्यात या गीर गाईच्या आधीपासून दोन गावठी गाई.

"साहेब, गाय नाय आणायची, तं फोटो कोनाचा काढतोस?" आमच्या भागात साहेबालाही अरेतुरेच करतात, त्यात अपमान काही नसतो.

"गाय इथे आहे," गोपीनाथरावांनी अभिमानाने भिंतीकडे बोट केलं. "हिच्याजवळ उभी राहा."

शुक्रीने चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हिला सड नाय."

"काय?"

"सड! कास तरी कठं हाय? दूध कठून काढायचा, नाकातून?"

गोपीनाथराव लाजले. "ते सभ्यतेच्या दृष्टीने काढलेलं नाही."

"अन् डोला का मिटलाय? आजारी हाय काय?"

"आजारी नाही! डोळा मारतेय ती!"

"कोनाला?"

मागे उभी असलेली बुधी तोंडाला पदर लावून हसत सुटली. गोपीनाथरावांच्या मनात आलं, कलेतलं यांना काय कळणार! त्यांनी भराभर बारा फोटो काढले. बाई डावीकडे, गायीचं तोंड उजवीकडे. बूट चौकटीत येऊ द्यायचे नाहीत, एवढी अक्कल मात्र शाबूत होती. शाखेच्या प्रिंटरमधली रंगीत शाई संपलेली, म्हणून फोटो काळेपांढरे छापले गेले. डहाणूला फाइलसाठी त्यांची झेरॉक्स निघाली आणि संस्थेच्या गुरांच्या डॉक्टरांच्या फाइलसाठी त्या झेरॉक्सची झेरॉक्स. त्या काळ्या धुरकटात चित्र कुठलं आणि खरी गाय कुठली, ओळखू येईना.

चौथ्या दिवशी फोन वाजला.

"चुरी," नीलम मॅडमचा आवाज भलताच गंभीर होता, "झरीच्या गाई तुम्ही स्वतः पाहिल्यात ना? जवळून?"

"अगदी जवळून मॅडम! हात लावून!"

"मग तुमच्या लक्षात कसं आलं नाही? बाराच्या बारा गाईंचा डावा डोळा मिटलेला आहे! जीभ लोंबतेय! मानेवर गाठी आल्यात, केवढाल्या!"

त्या गाठी म्हणजे माळेची फुलं होती. गोपीनाथरावांना ते लगेच उमगलं. आता तोंड उघडावं आणि मोकळं व्हावं, इतकं ते सोपं होतं. पण तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आणि हो, मुखपृष्ठाचं सोमवारी ठरतंय." आणि गोपीनाथरावांचं उघडलेलं तोंड भलत्याच कामाला लागलं.

"हो मॅडम, डोळे जरा... चिकट वाटले होते खरे."

"जरा? ही साथ आहे, चुरी! आजपासून झरीचं दूध बंद!"

मॅडमचा आणि गाईचा संबंध फायलीपुरताच होता, म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण हा आपला परमभक्त! एका मुखपृष्ठापायी त्याने बारा धडधाकट गाई आजारी पाडल्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी संकलन केंद्रावरून परत फिरवलेली दुधाची किटली घेऊन शुक्री थेट ऑफिसात हजर झाली. किटली तिने टेबलावर आपटली. कागदांवर दूध सांडलं.

"माझा दूध का नाय घेत? म्हनतात तुझ्या गायीला रोग झाला. कोन म्हनतो रोग झाला?"

"वरून आदेश आहे, शुक्री."

"वरून कोन? वरच्याने माझी गाय बघली काय?"

"फोटो पाहिला."

शुक्रीने खिडकीतून भिंतीकडे पाहिलं आणि मग गोपीनाथरावांकडे. तिला सगळं कळलं होतं हे त्यांनाही कळलं.

"पोरा दूध पितील, दही लावीन, तरी किती दिस?" ती हळू आवाजात म्हणाली. "या गायीसाठी मी भाताचं खाचर सोडून चारा लावलाय, साहेब. तू सांग त्यांना."

गोपीनाथरावांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण सोमवारला अजून तीन दिवस होते.

सोमवारपर्यंत थांबायला साथीला मात्र वेळ नव्हता. शनिवारी डहाणूहून डॉक्टर देवेश गाडी घेऊन आले, हातात मोजे, तोंडाला फडकं आणि डोळ्यांत घालायच्या मलमाच्या बारा नळ्या घेऊन! गोपीनाथरावांना गाडीत घालून त्यांनी गाडी झरीला पिटाळली. रस्ताभर गोपीनाथरावांनी मनातल्या मनात तीनदा राजीनामा लिहिला आणि चारदा फाडला.

शुक्रीच्या अंगणात बाराही गाई रांगेने बांधल्या होत्या. तांबड्या, लांब कानांच्या, चकचकीत. गोपीनाथराव दहा हात लांबच थांबले. डॉक्टरांनी पहिली तपासली. दुसरी तपासली. बाराव्या गायीपाशी येईपर्यंत त्यांनी तोंडावरचं फडकं काढून खिशात घातलं होतं.

"चुरीसाहेब, चोवीस डोळे मोजले मी. चोवीसच्या चोवीस उघडे! रोग गेला कुठे?"

"उतरला असेल, डॉक्टर. आपोआप."

"मानेवरच्या गाठी पण आपोआप?" डॉक्टरांनी फाइल उघडली. "आणि हे कान बघा! गीर गाईचे कान खाली लोंबतात. फोटोतल्या गाईचे तर सशासारखे ताठ आहेत! ही गाय आहे कुठली?"

गोपीनाथरावांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळात काहीच नव्हतं.

"ती गाय झरीला नाय, डॉक्टर," शुक्री म्हणाली. "तलासरीला हाय. भिंतीवर. साहेब आमचे गाईला भितो, तवा त्याने आमाला तिच्यासंगं उभी केली. तिला दाखव तुझा मलम. सड पन नाय तिला बिचारीला!"

डॉक्टर हसता हसता ओट्यावर बसले आणि बराच वेळ त्यांना उठता येईना. बारा बायका हसल्या, त्यांची पोरं हसली. एक गाय हंबरली, आणि गोपीनाथरावांना वाटलं, तीसुद्धा हसली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हसणारी गाय दिसली आणि त्यांना मुळीच आनंद झाला नाही.

डॉक्टरांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. पलीकडून असा आवाज आला, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"नवे फोटो! आत्ता! आणि प्रत्येक फोटोत चुरी पाहिजेत! गायीच्या मानेवर हात ठेवून! त्याशिवाय झरीचं दूध सुरू होणार नाही!"

गोपीनाथरावांनी गाईंकडे पाहिलं. गाईंनी गोपीनाथरावांकडे पाहिलं. मग त्यांनी शुक्रीकडे पाहिलं. ती आज त्यांच्यावर हसत होती, पण किटली धुऊन ओट्यावर पालथी घातलेली होती, उद्याच्या आशेने.

"ये साहेब," तिने दोर हातात दिला. "धर. खात नाय ती."

"लाथ मारते?"

"तुझ्यासारख्याला मारील बी. पर मी धरलीय ना!"

आणि त्या माणसाने हात ठेवला! अंग जितकं मागे नेता येईल तितकं मागे नेऊन, पण ठेवला. एक नाही, बारा वेळा. सहाव्या गायीने त्यांच्या शर्टाची बाही चाटली, तेव्हा त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या कोंबड्या उडाल्या. पण ते जागचे हलले नाहीत. फोटो डॉक्टरांनी काढले, रंगीत. संध्याकाळी ते फोटो डहाणूला पोचले आणि रविवारी सकाळी झरीचं दूध सुरू झालं. सोमवारी गोपीनाथराव ऑफिसात आले तर भिंतीवरच्या गायीला कुणीतरी चुन्याने चार ठसठशीत सड काढून ठेवले होते. बोटांचे ठसे बारीक होते, झरीच्या एखाद्या पोराचे असावेत. त्यांनी ते पुसले नाहीत.

आठवड्याने मुख्य ऑफिसातून एक लिफाफा थेट घरी आला. जाडजूड होता. "मुखपृष्ठाचं असणार!" गोपीनाथराव हरखले. माणूस सुधारतो, पण इतका लवकर नाही! "लतिका, तू वाच. मोठ्याने वाच!"

लतिकाने वाचलं.

"मुद्दा एक. झरीच्या बाराही गाई निरोगी असल्याची नोंद घेतली. मुद्दा दोन. पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी श्रीमती शुक्री यांच्या गायीचा फोटो निवडण्यात आला आहे."

"आणि मुद्दा तीन?" गोपीनाथरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

लतिकाने आधी ओठ घट्ट मिटले. मग वाचलं.

"मुद्दा तीन. बाराही फोटोंत गाईंचे दोन्ही डोळे व्यवस्थित उघडे आहेत. मात्र प्रत्येक फोटोत कर्मचारी श्री. चुरी यांचा डावा डोळा घट्ट मिटलेला व जीभ बाहेर आलेली आढळते. साथीची शक्यता गृहीत धरून मलमाची एक नळी सोबत जोडली आहे."