दत्तूनानांचं जगाचं घड्याळ

दत्तूनानांना वेळ विचारली की ते उलट विचारतात, "कुटली?"

तिसगावात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेला, आता निवृत्त. नगरच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी जुनं पितळी घड्याळ आणलं आणि तेव्हापासून आमच्या आळीत सरळ वेळ कुणाला मिळाली नाही.

घड्याळ मात्र बघण्यासारखं. कडेनं गोल शहरांची नावं, ती जागची हलत नाहीत. आत चोवीस तासांची तबकडी, अर्धी पांढरी, अर्धी काळी; दिवसभरात ती एकदा सावकाश फिरते. ज्या नावासमोर जो आकडा, तिथं तेवढे वाजले. काळ्या बाजूला आलेलं शहर झोपलेलं.

"लंडनवाले आता उटाया लागले," नाना बाजारात मेथी निवडताना सांगतात.

"उटू द्या. तुमी जुडी घ्या," भाजीवाली म्हणते.

घड्याळ पूर्ण तासांचं आणि आपली वेळ अर्ध्या तासावर अडकलेली. म्हणून नानांनी दोन नावांच्या मधोमध कुंकवाचा ठिपका लावला. "हे आपलं तिसगाव."

पण त्यांची नजर सारखी न्यूयॉर्कवर. एकदा विचारलंच, "नाना, तिथं कोण आहे तुमचं?"

"आरं, न्यूयॉर्क आन् टोरांटो येकच टाइम. शब्बीरभाई टोरांटोला हाय."

शब्बीरभाई म्हणजे त्यांच्या गाडीचे ड्रायव्हर. अर्धं आयुष्य दोघं एकाच गाडीवर, करंजी घाटातून नगरला. बायको गेल्यावर मुलीनं त्यांना तिकडे नेलं. उन्हाळ्यात तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, हे नानांच्या घड्याळाला कोण सांगणार? नानांचा फोन मुलीच्या कामावर निघायच्या घाईत पोचू लागला. नाना चिडले. "सूर्याला न इचारता टाइम बदलत्यात, असलं कसलं सरकार!"

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. तिकडे सकाळ. फोन त्या मुलीचाच आला. नानांनी स्पीकर लावला.

"चाचा, अब्बांना हल्ली काही आठवत नाही. मलाही ओळखत नाहीत. बूट घालून दारात उभे आहेत, बसायलाच तयार नाहीत. तुमचं नाव घेतायत. बोलता का?"

मग शब्बीरभाईंचा आवाज आला. "दत्तू, कुठं हाय तू? गाडी लागली. पॅशिंजर बोंबलायलेत."

नानांचा कप हातातच राहिला.

"दत्तू, टाइम झाला ना रे?"

"झाला की, शब्बीरभाई," नाना म्हणाले. "हा काय, दारच लावतोय."

"समदे चढले?"

"चढले. येक म्हातारी पळत आली, तिलाबी घेतली."

"मग बेल दे."

नानांनी चमचा उचलला आणि कपावर दोनदा वाजवला. टण, टण.

पलीकडे शब्बीरभाई मोठ्यांदा हसले. पाठोपाठ मुलीचा दबका आवाज आला, "बसले, चाचा. खुर्चीत बसले."

फोन बंद झाला. चहावर साय धरली होती. मी उठायला लागलो तसा नानांनी माझा हात धरला.

"बस जरा," ते म्हणाले. "करंजी घाटात ते गाडी लई हळू घेत्यात."