डावीकडून भरलेला अर्ज

आमच्या तालुक्यात घरगुती फलनं नोंदणी कार्यालयात बनवून मिळतात. फलन एक काहीतरी घेतं आणि एक काहीतरी देतं. हवी तर दोन जोडूनही देतात. शेजारच्या राऊतांकडे एक दुधाचं दही करतं आणि त्याला जोडलेलं दुसरं दह्याचं ताक. मधलं दही कुणाला दिसत नाही.

हे गेल्याला तीन वर्षं झाली. घरात हाकेला कुणी ओ देत नाही, म्हणून मी अर्ज केला.

"काय घेणार, काय देणार?" खिडकीतल्या हिंगमिरे बाईंनी विचारलं.

"पहिलं हाक घेईल, ओ देईल. दुसरं ती ओ घेईल आणि मला हाक मारेल. 'कुमुद, जेवायला चल', अशी."

"त्याला कालचं काही आठवत नाही हं. तेच दिलं की तेच मिळणार. रुसणार नाही, दमणार नाही."

"ह्यांना रुसवा फार होता."

"तो नमुन्यात बसत नाही."

अर्जात शेजारी शेजारी दोन चौकोन होते. डावीकडे मी पहिलं लिहिलं, उजवीकडे दुसरं. आठवड्याने जोड आली. चौकटीवर बसवली आणि दारातून हाक मारली, "अहो!"

काही नाही. तीनदा मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकी गाठली.

"उलटं भरलंत," बाई म्हणाल्या. "उजवीकडचं आधी चालतं."

"अहो, आपण डावीकडून वाचतो ना!"

"फलनं वाचत नाहीत, चालतात. आता तुमचं आधी ओ घेतं, तिची हाक करतं आणि त्या हाकेला ओ देतं. बाहेरून हाक त्याला चालायची नाही."

"आणि मधली हाक?"

"ती आतल्या आत. बाहेर ऐकू येत नाही."

"पण मारली जाते?"

बाईंनी चष्मा काढला. "त्याशिवाय ओ कशी येईल?"

त्यांनी दुरुस्तीचा अर्ज पुढे केला. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. अजून तिथेच आहे.

दुपारी शाळेतल्या खिचडीचं काम आटोपून मी घरी येते. कुलूप काढते, चपला कोपऱ्यात सारते. घर गप्प असतं. मी उंबऱ्यात उभी राहून म्हणते, "ओ."

आतून येतं, "ओ."

मग मी हात धुऊन जेवायला बसते.