बस चुकलेली नाही

"पन्नास किलोमीटर पळणं म्हणजे किती? थेरगाव ते चाकण आणि परत," नवनाथने जेवता जेवता जाहीर केलं. "रोज जातोच की आपण!"

"बसने जाता," दीपमाला आमटी वाढत म्हणाली. नवऱ्याच्या घोषणा ऐकून तिचा हात थांबायचे दिवस कधीच मागे पडले होते. मागच्या घोषणेतल्या गच्चीवरच्या मशरूमचं काय झालं, हेही तिने विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पण पळायचं कशासाठी?"

नवनाथला कोणीतरी सांगितलं होतं की बेचाळीस किलोमीटरनंतर पाय आपले राहत नाहीत आणि माणूस झाडांशी बोलायला लागतो. तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. आपण झाडाशी काय बोलू, हे त्याला बघायचं होतं. पण हे बायकोला कसं सांगणार? "तब्येतीसाठी," तो म्हणाला.

आकुर्डीच्या पळणाऱ्यांच्या गटाकडे पन्नास किलोमीटरच्या एका शर्यतीची एकच जागा शिल्लक होती. गटाच्या प्रशिक्षक तनुजा मॅडम कडक. त्यांनी अट घातली, "घरापासून कंपनीपर्यंत एकदा न थांबता पळून दाखवा. पाठीवर पाण्याची पिशवी, तोंडात तिची नळी, आणि खाणंही पळतानाच. तुमच्या मनगटावरच्या घड्याळातून सगळा प्रवास, वेगासकट, माझ्या मोबाइलवर दिसेल. जमलं तर जागा तुमची."

नवनाथ चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होता. सोमवारी उजाडायच्या आधीच तो निघाला. चिंचवड गेलं, आकुर्डी गेली. खिशात मीठ लावलेले उकडलेले बटाटे होते. अंगात असा उत्साह की चाकण सोडून नाशिकलाच जावं असं वाटत होतं.

अडचण पायांची नव्हतीच. सकाळच्या वेळी त्या रस्त्याला पाठीवर बॅग घेऊन कोणी पळताना दिसला, की त्याचा एकच अर्थ होतो. गड्याची कंपनीची बस चुकली. आणि बस चुकलेल्याला रस्त्यावर सोडून जाणं हे त्या भागात पाप समजतात. पहिल्यांदा भलत्याच कंपनीची बस थांबली. मग एक टेम्पो. मग एक दुचाकीवाला बराच वेळ शेजारून चालवत राहिला. "बसा ना भाऊ, लाजता कशाला?" त्याची नजर नळीवर गेली. "सलाईन लावून ड्युटीला? कसली कंपनी आहे राव तुमची?"

या सगळ्यांना पळता पळताच हात जोडून नवनाथ तळवड्यापर्यंत पोचला आणि मागून त्याचीच बस आली. ड्रायव्हर कोंडाजीने करकचून ब्रेक दाबला. नवनाथच्या हाताखाली प्रेस मशीन चालवणारा भैरू तळवड्याचाच. तो थांब्यावर उभाच होता.

"आरं, आपलं सायब हायत!" भैरू ओरडला. "धरा त्यान्ला."

नवनाथने तोंडात नुकताच अख्खा बटाटा कोंबला होता. तो मानेने नाही म्हणत होता, हातांनी नाही म्हणत होता, पण तिघांनी मिळून त्याला उचलून आत बसवलं. पॅकिंगच्या शालनबाईंनी पदराने वारा घातला. बटाटा घशाखाली उतरला तेव्हा म्हाळुंगे आलं होतं.

दुपारी तनुजा मॅडमचा फोन आला. "तळवड्यानंतर तुम्ही ताशी चाळीसच्या वेगाने पळालात. अभिनंदन. आता एकच संधी देते, परवाची."

त्या रात्री नवनाथ जेवला नाही. शेवटी दीपमालालाच दया आली. तिने जुन्या उशीच्या अभ्र्याचं कापड घेतलं, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बस चुकलेली नाही. मुद्दाम पळतोय.' आणि ते बॅगेला टाचून दिलं.

बुधवारी खरंच कोणी लिफ्ट दिली नाही. पण वाचायला मात्र जो तो जवळ यायला लागला, आणि वाचून झालं की पुढे जाईना.

"मुद्दाम म्हणजे?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नवस हाय का?" भाजीची पाटी घेतलेल्या बाईने विचारलं.

तळवड्याला बस आली. कोंडाजीने थांबवली नाही, पण पुढेही नेली नाही. नवनाथच्या चालीने ती शेजारून सरकत राहिली. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. प्रत्येक खिडकीत दोन-दोन डोकी.

"सायब, घरात भांडान झालं का?"

"नाही रे. शर्यत आहे, तिची तयारी."

"मग पहिला नंबर आला तर काय मिळतं?"

"मी पहिला येणार नाही. आणि पळायचे पैसे आपणच भरायचे."

खिडक्यांतली डोकी एकमेकांकडे बघायला लागली. मग शालनबाई हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगू नका हो. पोराबाळांच्या सोयरिकीत नडतं असलं."

पण नवनाथ थांबला नाही. कंपनीचं गेट दिसलं तेव्हा अख्खी बस टाळ्या वाजवत होती. ज्यांनी कारण विचारून त्याचं डोकं उठवलं होतं, तेच आता 'आपला सायब' म्हणून वॉचमनला सांगत होते. नवनाथचे डोळे भरून आले. शर्यतीची जागा त्याला मिळाली.

शर्यत रविवारी होती. कंपनीची सुट्टी गुरुवारी. मॅनेजर अर्जुनरावांनी रविवारची रजा दिली आणि नवनाथला जग एकदम चांगलं वाटायला लागलं. म्हणून मग त्याच रविवारी भैरूने मेव्हण्याच्या साखरपुड्यासाठी रजा मागितली तेव्हा तो म्हणाला, "जा." शालनबाईंकडे पाहुणे येणार होते. "जा." एकाची दाढ दुखणार होती. रविवारीच कशी दुखणार, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. "जा, जा."

शनिवारी संध्याकाळी अर्जुनरावांचा फोन आला. "नवनाथ, उद्या दुपारपर्यंत माल गेलाच पाहिजे. लाइनवर कोण कोण आहे?"

नवनाथने एकेक नाव आठवलं. पुन्हा आठवलं.

"कोणी नाही साहेब. सगळे रजेवर."

"मशीन चालवता येणारं कोण उरलं मग?"

"मी."

"झालं तर."

रविवारी पहाटे बसमध्ये तो एकटाच होता. ड्रायव्हरही बदली होता, कोंडाजी रजेवर. नवनाथने झाडांकडे पाहायचं टाळलं. त्याला रडू येत होतं आणि ते बदली ड्रायव्हरला दिसू द्यायचं नव्हतं.

प्रेस मशीन नुकतं सुरू केलं तोच भैरूचा व्हिडिओ कॉल आला. मागे ढोल वाजत होता. शालनबाईंच्या आणि कोंडाजीच्या हातात एक लांबलचक कापड होतं, त्यावर नवनाथचं नाव. दाढ दुखणारा शिट्ट्या वाजवत होता. त्यांच्यामागून शर्यतीतल्या माणसांची झुंड पळत चालली होती.

"सायब, साखरपुडा न्हाई, पाव्हणं न्हाईत, आमी समदी तुमच्यासाटी आलोय," भैरू बेंबीच्या देठापासून ओरडला. "तुमी कुटं हायसा? दिसंनात कुटं?"

नवनाथने मोबाइल हळूच फिरवला.

"तुझ्या मशीनवर, भैरू," तो म्हणाला.