कोलाफोसांचे घराणे

पालमच्या त्रिवेणीची तीन स्थळे जमता जमता मोडली होती, आणि तिन्ही मोडणारे तिच्या वडिलांचे गुरुपादकाकाच होते. मुलाच्या चार पिढ्या काकांच्या वहीत उतरल्याशिवाय त्या घरात सुपारी फुटत नसे. आपल्याला ठाऊक नाही असे घराणे परभणी जिल्ह्यात नाही, हा त्यांचा दावा होता. त्रिवेणीच्या आजी चन्नबसम्मा या काकांच्या थोरल्या वहिनी. त्यांनी तो दावा आजवर चालू दिला होता.

चौथे स्थळ चारठाण्याचे. मामांना घेऊन आलेला शंभुराज पुण्यात फ्रेंच शिकवीत असे, आणि त्रिवेणीला तो पसंत होता. काकांची एसटी देवगाव फाट्यावर खोळंबली होती. तेवढ्यात चन्नबसम्मांनी विचारले, "शिकवता म्हंजी नेमकं काय करता?"

"शब्दाचं कूळ काढतो, आजी."

"मग ह्याचं काढा," म्हणत त्रिवेणीने खिळ्याला टोचलेल्या, पाण्याच्या जारच्या कूपनाकडे बोट दाखवले.

शंभुराजने आपल्याच बायोडाट्याच्या पाठीवर सर्वांना उमजेल असे, वंशावळीसारखे मांडले. मुलगा कूपन, मुक्काम फ्रान्स. वडील कुपे, काम कापणे. आजोबा कू, काम घाव घालणे. पणजोबा कोलाफुस, रोम. खापरपणजोबा कोलाफोस, ग्रीस, काम थप्पड मारणे.

इतक्यात काका आले. त्यांनी चष्मा लावला, कागद उचलला आणि नेमकी पाठीची बाजू वाचली. मामा छताकडे पाहू लागले.

"घराणं ठाऊक हाय मला," काका म्हणाले.

"कुणाचं?" चन्नबसम्मांनी विचारले.

"कोलाफोसाचं. मानवतच्या बाजारात गाठ पडायची. माणूस लय दिलदार, पण हात लगेच उचलायचा. आपली पोरगी तिथं द्यायची न्हाई."

खरे सांगावे, तर काकांची चाळीस वर्षांची अब्रू जाणार आणि दुखावलेले काका हट्टाला पेटणार. न सांगावे, तर स्थळ जाणार. चन्नबसम्मांनी शंभुराजकडे पाहिले.

शंभुराजने कागद उलटला नाही. "खरं हाय, काका. म्हातारे मारकुटेच होते. पण पिढीगणिक निवळत आले. नातवाच्या पोरानं नुसतं कापायचं काम धरलं. आता शेवटचा तर घरोघर पाणी पोचवायलाय."

काकांनी कागदावर पुन्हा बोट फिरवले. "सुधारणा हाय म्हणायची. मग माझी हरकत न्हाई."

सुपारी फुटली. थोरांची चूक झाकण्याची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याच्या चार पिढ्या विचारण्याची गरज चन्नबसम्मांना वाटली नाही.

साखरपुड्याच्या दिवशी काकांनी मांडवभर नजर फिरवली.

"वहिनी, कोलाफोसाकडलं कुणीच दिसंना."

चन्नबसम्मांनी पदर सावरला. "लांबचे हायेत, भावजी. तिकडून एसटी न्हाई."